तुम्ही विचारलंत म्हणून: "पुस्तकासारखाच आहे ना?"

मुलांना सिनेमे दाखवायचे आणि मग त्यावर त्यांच्याशी गप्पा मारायच्या, हे माझं काम. त्यामुळे एखाद्या लाडक्या पुस्तकावर किंवा चित्रकथेवर साहसपट आला की आईबाबा मंडळींचा प्रश्न ठरलेला: "पुस्तकासारखाच आहे ना हो?" विचारणाऱ्यांनी ते पुस्तक लहानपणी वाचलेलं असतं, मुलांनी बहुधा अजून उघडलेलंही नसतं. म्हणजे काळजी नक्की कोणाच्या बालपणाची, ते सांगायला नको. माझं उत्तर बऱ्याच जणांना रुचत नाही. पुस्तकासारखा नसतोच, आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रारही नसते. तक्रार असते ती वेगळ्याच ठिकाणी.

आधी साधा हिशेब. मॉरिस सेंडाकच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या चित्रपुस्तकात साडेतीनशे शब्दसुद्धा नाहीत. 2009 साली त्यावर दीड तासाहून मोठा सिनेमा झाला. मधला मजकूर कोणीतरी कुठून तरी आणायलाच हवा होता. उलट मिखाएल एंडेची 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' चांगली जाडजूड. 1984 च्या सिनेमात तिचा जेमतेम पहिला अर्धा भाग मावला, आणि लेखक इतका वैतागला की माझं नाव काढून टाका म्हणाला. चित्रकथांतला तरुण बातमीदार टिनटिन, त्याच्या 2011 च्या सिनेमासाठी स्पीलबर्गने तीन अल्बम, म्हणजे चित्रकथेची तीन पुस्तकं, एकत्र केली. खजिन्याची गोष्ट दोन अल्बममधली, पण टिनटिन आणि कॅप्टन हॅडॉक यांची पहिली भेट होते ती तिसऱ्याच अल्बममध्ये. ती वगळली असती तर हा दारुडा कप्तान कोण आणि टिनटिन त्याच्यासाठी जीव का टाकतो, हे नव्या प्रेक्षकाला कळलंच नसतं. असली उचलाठेव मला मुळीच खटकत नाही.

चित्रकथांची अडचण आणखी निराळी. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत काय घडलं ते वाचणारं पोर स्वतः ठरवतं, आणि कोणत्या चौकटीवर किती रेंगाळायचं तेही. पडद्यावर दोन्ही गोष्टी दिग्दर्शकाकडे जातात. 'चिंटू'चंच बघा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा पोरगा 1991 पासून रोज तीन-चार चौकटींत काहीतरी उद्योग करायचा आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. सिनेमाला मात्र कालच्या खोडीचा आज परिणाम लागतो. 2012 मध्ये चिंटू पडद्यावर आला, पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात खजिन्याच्या मागेही लागला. पण मला विचाराल तर फारसं काही न घडणं हीच त्या चौकटींची गंमत होती, आणि साहसपटात काही न घडून कसं चालेल?

आता माझी खरी तक्रार. कथानक हवं तसं बदला, पात्रं गाळा, शेवट पुढेमागे करा. पण मुलाच्या वाट्याला आलेलं संकट काढून घेऊ नका. रोआल्ड डालच्या 'द विचेस'मध्ये चेटकिणी नायकाला उंदीर करतात आणि तो उंदीरच राहतो. उंदराचं आयुष्य थोडं, आजीचंही वय झालेलं; तिच्यामागे आपल्याला राहावं लागणार नाही, यातच तो पोरगा खूश असतो. लहान मुलांच्या पुस्तकात एवढं लिहायला धीटपणा लागतो. 1990 च्या सिनेमाने शेवटी त्याला परत माणूस करून टाकलं आणि डाल भडकला. मला तो पूर्ण बरोबर वाटतो. 2020 मध्ये पुन्हा सिनेमा झाला तेव्हा मुलगा उंदीरच राहिला, म्हणजे ते जमत होतं तर!

'द विझर्ड ऑफ ओझ'मध्ये तर दोन्ही प्रकारचे बदल शेजारी शेजारी सापडतात. फ्रँक बॉमच्या 1900 सालच्या पुस्तकात छोट्या नायिकेचे, डोरोथीचे, बूट चांदीचे आहेत. 1939 च्या सिनेमात ते लालभडक माणकांचे झाले, कारण टेक्निकलर या तेव्हाच्या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रात लाल रंग झळाळून दिसणार होता. उत्तम केलं. पण पुस्तकातला ओझ देश खराखुरा आहे, आणि सिनेमाने शेवटी ती सगळी भटकंती स्वप्नात जमा केली. एवढे हाल सोसून आलेल्या मुलीला मोठ्यांनी "बरं बरं, झोप आता" म्हणावं, तसं झालं ते.

याच्या अगदी उलट उदाहरण सत्यजित राय यांचं, आणि त्यावर मी तासभरसुद्धा बोलू शकेन. 'सोनार केल्ला' ही त्यांची स्वतःची कादंबरी 1971 ची, सिनेमा 1974 चा. कादंबरी सांगतो गुप्तहेर फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे, त्यामुळे त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला कळतं. दुष्ट कोण हे उलगडेपर्यंत थांबावं लागतं. सिनेमात रायनी ते रहस्यच आधी फोडून टाकलं. मागच्या जन्माच्या आठवणी सांगणाऱ्या छोट्या मुकुलबरोबर प्रवास करणारा डॉक्टर तोतया आहे, हे प्रेक्षकाला लवकरच समजतं. मुकुलला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे, आणि तो पोरगा निर्धास्तपणे त्याच्याबरोबर चाललाय! रहस्यकथेतून रहस्य काढलं आणि मुलाभोवतीचा धोका दुप्पट केला. इतका मोठा बदल दुसऱ्या कोणी केला असता तर वाचकांनी डोक्यावर घेतलं नसतं, डोकं खाल्लं असतं. (जाता जाता: त्यातला जटायू, म्हणजे फेलूदाचा रहस्यकथालेखक मित्र, संतोष दत्त यांनी असा उभा केला की पुढच्या पुस्तकांतल्या चित्रांत राय जटायूला त्यांचाच चेहरा द्यायला लागले.)

'फास्टर फेणे'बद्दल विचारल्याशिवाय तुम्ही राहणार नाही. 2017 च्या सिनेमात अमेय वाघ आहे, मूळ लेखक भा. रा. भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांना ती भूमिका देण्याची कल्पना तर फारच छान. पण पुस्तकातला बन्या, म्हणजेच फास्टर फेणे, शाळकरी पोरगा आहे, आणि इथे तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला आलेला तरुण झालाय. यामागे व्यवहार असणार हे मला दिसतं. आपल्याकडच्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला 5 तासांहून जास्त काम देता येत नाही, आणि दुसरा भाग काढेपर्यंत पोराला मिसरूड फुटतं. तरीही, मोठ्यांनी "तू यात पडू नकोस" म्हटल्यावर सायकल दामटत तिथेच जाणारा मुलगा आणि गुन्हेगारांशी भिडणारा तरुण यांत फार फरक आहे. तरुणाला कोणी अडवत नाही. थरारपट म्हणून हा सिनेमा चांगला आहे, बन्याचा सिनेमा मात्र मला अजून बघायचाय.

राहिला जोडप्रश्न: आधी पुस्तक की आधी सिनेमा? 'सोनार केल्ला' आधी वाचा, कारण सिनेमा बघून बसलात तर पुस्तकातलं कोडं वाया जाईल. ओझचंही पुस्तकच आधी. 'द विचेस'चा 1990 चा सिनेमा दाखवायचा असेल तर दाखवा, चेटकिणी जबरदस्त आहेत. फक्त पुस्तकातला शेवट त्याच दिवशी वाचून दाखवा आणि कोणता आवडला ते पोरांना विचारा.