मागचा बोळ, उंच भिंत आणि आमची कमिटी

आमच्या बिल्डिंगच्या मागे एक बोळ आहे, तिथून सहा महिन्यांत तीन सायकली आणि एका बाईकची बॅटरी गेली. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच, भिंत उंच करा, कॅमेरे लावा. हात मीही वर केला होता, खोटं कशाला बोलू.

मग एकदा रात्री साडेअकराला सायकलला कुलूप लावायचं राहिलं म्हणून खाली गेलो, सहज वर बघितलं तर बोळाकडे एकही खिडकी नाही, नुसती बाथरूमची झडपं. इथे कोणी तासभर कुलूप घासत बसला तरी बघणार कोण? दिवा होता, पण इतका भगभगीत की डोळे दिपायचे आणि मेंदीच्या कुंपणामागे ठार काळोख.

मग वाचायला लागलो. शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज बाईंनी १९६१ सालीच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित राहतो तो येणाऱ्याजाणाऱ्यांच्या, खिडकीतल्या लोकांच्या नजरेमुळे. ऑस्कर न्यूमन या आर्किटेक्टने १९७२ मध्ये पुढचं मांडलं, जी जागा कोणालाच आपली वाटत नाही तिथे गुन्हा सोपा होतो. त्याचं नेहमीचं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीचं, ११ मजली ३३ इमारती, जिने आणि कॉरिडॉर सगळे बेवारस, १९७२ पासून पाडायलाच घेतल्या. अर्थात तिथे गरिबी होती, मेंटेनन्सला पैसा नव्हता, त्यामुळे सगळं खापर नकाशावर फोडणं मला पटत नाही.

पण आमच्या बोळाला लागू पडत होतं ना! कमिटीला हे सांगून उपयोग शून्य, शेवटी चौघांना रात्री खाली घेऊन गेलो आणि मी कुंपणामागे जाऊन बसलो. दहा पावलांवरून कोणाला दिसलो नाही. सेक्रेटरी म्हणाले, "बाहेर या, पटलं."

तरी चार महिने गेले. मेंदी गुडघ्याइतकी छाटली, एका मोठ्या दिव्याऐवजी तीन मंद दिवे लावले, सायकल स्टँड पुढे तळमजल्यावरच्या काकूंच्या किचनच्या खिडकीसमोर नेला. भिंत पाडून जाळी लावायला मात्र जाम विरोध झाला, "आतलं सगळं दिसेल की!" अहो, तेच तर हवंय. अर्धी जाळी झाली, अर्धी भिंत अजून तशीच.

त्यानंतर आमच्याकडे काही गेलं नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या बिल्डिंगमधून दोन सायकली गेल्या, त्यांचे सेक्रेटरी भिंत उंच करायचं कोटेशन दाखवायला आले होते. म्हटलं, आधी रात्री साडेअकराला खाली भेटा.