पिशवीवरचं माझंच अक्षर

आयसीयूत चादर बदलायला पेशंट काकांना कुशीवर वळवलं, तेव्हा डावा पाय उजव्याहून जाड दिसला. माझ्या खिशात कायम मोजपट्टी असते. नवे रेसिडेंट डॉक्टर तिला हसतात, त्यांना ‘पाय जरासा सुजलाय’ एवढं पुरतं. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली पेनने खूण केली आणि पोटरीचा घेर घेतला. उजवा ३३, डावा ३७. आकडा सांगितला की हसू थांबतं. डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी झाली. मांडीच्या शिरेत गुठळी होती.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतरचा तो सातवा दिवस. मधे न्यूमोनिया आणि व्हेंटिलेटर होऊन गेलेलं, दोन दिवसांपूर्वीच श्वासाची नळी निघाली होती. गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून कातडीखाली हेपॅरिन चालू होतं, ५,००० युनिट, दिवसातून दोनदा. तरी गुठळी झाली म्हणून आता ऑर्डर आली शिरेतून ५,००० युनिट एकदम आणि मग पंपाने तासाला १,०००. ऑर्डरमध्ये वावगं काही नव्हतं. हेपॅरिनची ५ मिलीची बाटली एका मिलीत १,००० युनिटवालीही येते आणि ५,००० वालीही, आणि दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. म्हणून मी दुसऱ्या सिस्टरला मोठ्याने वाचायला लावल्याशिवाय सिरिंज भरत नाही. त्या दिवशीही लावलंच.

रात्री ९ वाजून १० मिनिटांनी बोलस, म्हणजे तो एकदम द्यायचा डोस दिला. ९:२२ ला काकांचे दात वाजायला लागले. अशी थंडी भरली की पलंगाचे कठडे खडखडू लागले. ताप ३९ सेल्सिअस, पल्स १३८, बीपी ८२/४६, ऑक्सिजन ९७ वरून ८९.

लाइनमधून, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीतून काही ढकलल्यावर थंडी भरली, की आयसीयूत पहिला संशय लाइनवरच जातो. नळीत बसलेले जंतू रक्तात गेले असणार, म्हणजे सेप्सिस. नाहीतर गुठळी सुटून फुप्फुसात गेली असणार. डॉक्टरांनी दोन्ही धरलं, आणि दोन्ही अंदाज रास्त होते. सलाइन वेगाने सोडलं, ब्लड कल्चर घेतलं, अँटिबायोटिक आणि बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चालू केलं. शॉकमध्ये कारण सापडेपर्यंत मूत्रपिंडं वाट बघत बसत नाहीत, त्यामुळे आधी सरासरी दाब ६५ वर आणायचा. पंप चालू होता तसाच चालू राहिला.

दोन्ही हात गुंतलेले असताना रक्तपेढीतून फोन आला. प्लेटलेट्सची पिशवी तयार आहे, माणूस पाठवा.

त्या फोनपाशी मी अडखळले. सकाळी रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ७४,००० आल्या म्हणून कोणीतरी पिशवी मागवली होती. म्हणजे एक कागद म्हणत होता की या माणसाला रक्तस्राव होईल, गोठवणाऱ्या पेशी द्या. दुसरा म्हणत होता, याचं रक्त गोठतंय, पातळ करा. माणूस तोच, दिवस तोच.

जुने रिपोर्ट काढले. ऑपरेशनच्या दिवशी ३,१०,०००. पाचव्या दिवशी १,५८,०००. आज ७४,०००. पाचव्या दिवशी आकडा जवळजवळ निम्म्यावर आला होता, पण तो कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. कारण छापील रिपोर्टमध्ये तो काळ्या शाईत होता. १,५०,००० च्या खाली गेलं तरच लाल होतं. आकडा कुठे आहे तेवढं यंत्राला कळतं, तो कुठून आलाय हे कळत नाही. रोजचा कागद वेगळा, रोज बघणारा डॉक्टर वेगळा. पाचव्या दिवशी तो कागद फाइलला मीच लावला असेन.

“सर, गुठळी आहे आणि प्लेटलेट्स सात दिवसांत पाव झाल्यात. हेपॅरिनचाही सातवाच दिवस आहे.”

“सिस्टर, सेप्सिसमध्ये पडतातच प्लेटलेट्स.”

पडतात, खोटं नाही. तरी त्यांनी मोठ्या मॅडमना फोन लावला, हे त्यांचं मोठेपण. एवढं ऐकून घेणारे सगळेच नसतात. मॅडमनी ऐकलं आणि एकच विचारलं, “पंप अजून चालू आहे?” ९:४० ला बंद केला. रक्तपेढीला नको म्हणून कळवलं.

हेपॅरिनमुळेच प्लेटलेट्स पडतात आणि गुठळ्या होतात, त्याला बोलीत आम्ही ‘हिट’ म्हणतो. प्लेटलेट्समधून ‘प्लेटलेट फॅक्टर ४’ नावाचं प्रथिन बाहेर पडतं, हेपॅरिन त्याला चिकटतं, आणि काहीजणांचं शरीर त्या जोडीला परकं समजून अँटिबॉडी बनवतं. त्याला बहुतेक वेळा ५ ते १० दिवस लागतात. ती अँटिबॉडी प्लेटलेट्सनाच चेतवते. त्या एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात, आणि वापरल्या गेल्यामुळे मोजणीत कमी दिसतात. वरून प्लेटलेट्स देणं म्हणजे त्याच आगीत सरपण. अँटिबॉडी तयार असताना शिरेतून मोठा डोस गेला, तर काही मिनिटांतच थंडीताप येऊ शकतो आणि बीपी कोसळू शकतो.

दाराशी काकू उभ्या होत्या. “रक्त पातळ करायच्या औषधानेच गुठळी?” असं विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. पुढे काय बोलावं, सुचलं नाही.

नुसतं हेपॅरिन थांबवून भागत नाही, गुठळ्या तर होतच राहतात. दुसऱ्या जातीचं औषध लागतं. अर्गॅट्रोबॅन आमच्याकडे साठ्यात नसतं, ते मागवलं. मॅडमनी बजावलं होतं, हेपॅरिन कुठल्याच रूपात नको, लाइन धुवायच्या फ्लशमध्येसुद्धा. मी ट्रेमधल्या हेपॅरिन फ्लशच्या भरलेल्या सिरिंजा टाकून दिल्या, साध्या सलाइनच्या ठेवल्या. चार्टवर लाल पेनाने लिहिलं, पलंगाशेजारच्या स्टँडला कागद चिकटवला: ‘हेपॅरिन देऊ नये’. खरं सांगायचं तर त्या रात्री मी स्वतःवर खूश होते. पहाटेपर्यंत बीपी सावरला, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन निम्म्यावर आलं.

सकाळी ७:१० ला हँडओव्हरआधी बीपी मोजणाऱ्या धमनीतल्या लाइनचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारं यंत्र, झीरो करायला गेले. ती लाइन मोकळी राहावी म्हणून एक सलाइनची पिशवी प्रेशर कफमध्ये घालून ३०० पर्यंत फुगवून ठेवतात. तासाला साधारण ३ मिली आपोआप आत जातं. पिशवी संपत आली होती म्हणून कफ काढला. कफखाली झाकलेलं लेबल दिसलं. ५०० मिलीत हेपॅरिन १,००० युनिट. तारीख, वेळ, सही. अक्षर माझं. माझा लाल कागद त्याच स्टँडवर, त्याच पिशवीखाली.

एका मिलीत २ युनिट, म्हणजे तासाला ६. साडेनऊ तासांचे ५७. बोलसच्या मानाने काहीच नाही. पण हे प्रकरण प्रतिकारशक्तीचं. थोडं आहे म्हणून चालेल असं इथे कोणी म्हणत नाही. अनेक ठिकाणी या पिशवीत आता नुसतं सलाइनच घालतात आणि लाइन व्यवस्थित चालते. आमच्याकडे घालत आलोय म्हणून घालत होतो.

पिशवी बदलली आणि मॅडमना स्वतः सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अर्गॅट्रोबॅन आठ वाजता सुरू झालं. नंतर अँटिबॉडीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. प्लेटलेट्स चढू लागल्या, पण मधल्या काळात डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आणि ती गेली. त्या साडेनऊ तासांमुळे गेली का, हे मी मॅडमना दोनदा विचारलं. “सांगता येणार नाही” हेच उत्तर दोन्ही वेळा. पाचव्या दिवसाच्या त्या काळ्या शाईतल्या आकड्यामुळे गेली का, हे विचारायचं राहिलं.

झालेली चूक नोंदवण्याचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना असतो, ‘औषध कोणी लिहून दिले’. प्रेशर बॅगमधलं हेपॅरिन कोणीच लिहून देत नाही. ते ना ऑर्डरमध्ये असतं ना चार्टवर, म्हणून तर बंद करतानाही ते कोणाला दिसलं नाही. मी तिथे ‘कोणी नाही’ असं लिहिलं.

दोन दिवसांनी फॉर्म परत आला. त्या रकान्याला पेन्सिलने गोल केला होता, आणि बाजूला लिहिलं होतं: ‘नाव भरावे’.