पगाराचा पहिला हक्क

सागरी कायद्याच्या वर्षभराच्या अभ्यासात चार्टरपार्टी म्हणजे जहाज भाड्याने घेण्याचा करार झाला, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती झाली, विमाही झाला. मन मात्र एकाच फाइलीत अडकलंय: मुंबईबाहेर नांगरावर उभं असलेलं जुनं मालवाहू जहाज आणि त्यावरच्या खलाशांचा नऊ महिन्यांचा थकलेला पगार.

२०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यानुसार, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या भारतीय कायद्यानुसार, दावा थेट जहाजावरच लावता येतो, मालक कुठल्याही देशात असो. पण अटकेच्या, म्हणजे कोर्टाने जहाज अडकवून ठेवण्याच्या वेळी, ते किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत हवं. ते निघून गेलं की सगळं मुसळ केरात. म्हणून नोकरीचे करार, सीडीसीच्या (खलाशाच्या ओळख-नोंदवहीच्या) प्रती, बँकेतल्या नोंदी आणि महिनावार थकबाकीचा तक्ता आधीच हाताशी लागतो. जहाजाच्या नावावर विसंबू नये. नाव बदलतं, झेंडा बदलतो. सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, जहाज मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. मग हायकोर्टात कॅव्हेटचा, म्हणजे अटकेआधी आमचं ऐका अशा कुणी दिलेल्या अर्जाचा, शोध घ्यायचा आणि अटक चुकीची ठरली तर भरपाई देऊ, अशी हमी लिहून द्यायची. वॉरंट शेरीफ, म्हणजे कोर्टाचे आदेश बजावणारा अधिकारी, बजावतो. पण बंदर आणि कस्टमला आदेश त्याच तासात कळवावा, कारण जहाजाची निघण्याची परवानगी तिथे अडते. निकालपत्रं वाचून हे कळत नाही.

याच कायद्याच्या कलम ९ मध्ये जहाजावरच्या पगाराचा हक्क सर्वांत वर आहे, घरी परतण्याच्या खर्चासह. बंदराची देणी त्याखाली, कर्ज देणारी बँक त्याहून खाली. मात्र हा अग्रहक्क पगार देय झाल्यापासून दोनच वर्षं टिकतो, आणि त्या मुदतीत अटक व्हावी लागते. दावा नुसता दाखल करून भागत नाही.

मला सलतं ते पुढचं. अटकेतलं जहाजही सुरक्षित ठेवावं लागतं, म्हणून काही खलाशी त्यावरच अडकतात. पाणी, अन्न, पहारा, डिझेल हा शेरीफचा खर्च कोर्टाने केलेल्या जहाजाच्या विक्रीच्या रकमेतून आधी कापला जातो, आणि जुन्या जहाजाला भंगाराइतकाच भाव मिळतो.

आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार दोन महिने पगार थकला की खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरतात, आणि विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार मागता येतो. त्याचं प्रमाणपत्र जहाजावर दर्शनी जागी लावलेलं असतं. इथेही होतं. तरी मॅनिंग एजंट, म्हणजे खलाशी भरती करणारा दलाल, "थोडं थांबा" म्हणत राहिला आणि कोकणातली साधी पोरं थांबली. ही शुद्ध बेजबाबदारी आहे.

चार महिन्यांचा पगार आता विम्यातून मिळालाय. उरलेले पाच महिने विक्रीवर अवलंबून आहेत. जहाजावर जनरेटर रोज चार तास चालतो, आणि त्या डिझेलचे पैसे पगाराआधी वजा होणार आहेत.