वाटेवरचा विटाळ

दिंडीत नाव घातलं तेव्हा जेवणाखाणाची भिशी किती, ट्रकात पिशव्या किती चालतील, पहाटे कितीला उठायचं, हे सगळं चालकांनी सांगितलं. पाळी आली तर काय करायचं, हे अर्थातच कुणी सांगितलं नाही. ते सासवडच्या मुक्कामी तंबूत कळलं. एक सोडून सगळ्या तरण्या बायका निघण्याआधीपासून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत होत्या. गौरी-गणपतीला घेतात तशाच.

गंमत अशी, की वारीत बाजूला बसायला जागाच नसते. एका तंबूत पंधरा-वीस जणी, पाठीला पाठ लावून झोपलेल्या. कोण 'बाहेरची' झाली हे कळलं, तरी पहाटे टँकरखाली सगळ्यांबरोबर अंघोळ करून चालायचंच असतं, कारण दिंडी कुणासाठी थांबत नाही. शिवाशीव इथे विचारानं नाही, गर्दीनं सुटते. खरी अडचण आडोशाची. पूर्वी बायका अंधार पडायची वाट बघत दिवसभर पाणीच पीत नसत. २०१५ पासून 'निर्मल वारी'ची फिरती शौचालयं आली, २०२२ पासून राज्य महिला आयोगाच्या 'आरोग्यवारी'त पॅड मिळू लागले. भजनात नसलेली ही गोष्ट मला वारीतला सगळ्यात मोठा बदल वाटते.

सासवडहून जेजुरीकडे चालताना बीडकडच्या एक मावशी बरोबर होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्या. गोळ्यांचा विषय निघाला तशा हसल्या. "माझी पिशवीच काढलीय बाई. मला कशाचा इटाळ अन् कशाचं काय!" पिशवी काढली तेव्हा त्यांचं वय जेमतेम तीस. पाळीत अंग दुखलं की खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीच्या हिशेबात दंड कापतो. त्यातून गर्भपिशवीच काढून टाकायची. बीड जिल्ह्यात हे इतकं वाढलं होतं की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. देवासाठी पाळी थांबवणारी गोळी आणि उसासाठी काढलेली पिशवी, दोन्ही एकाच वाटेवर चालत होत्या. मला पुढे बराच वेळ अभंग म्हणता आला नाही.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात, सगळं पिवळं होतं. खंडोबा हा संसारी देव. म्हाळसा असताना धनगरांच्या बाणाईवर भाळला, आणि त्या दोघींची भांडणं वाघ्या-मुरळी अजून रंगवून गातात. ऐकणारे खुशीत हसतात. पण ज्या मुलींना मुरळी म्हणून देवाशी लावलं, त्यांच्या वाट्याला असं हसू आलं नाही. हळद देवाच्या नावाची, आणि नंतर मालकी कुणीही सांगावी. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ ला कायदा झाला, महाराष्ट्रात पुन्हा २००५ ला करावा लागला. त्याच रात्री एका कीर्तनात पतिव्रतेचं आख्यान लागलं होतं. मी उठून भांडी घासायला गेले.

वारीच्या पोटात दुसरा आवाजही आहेच. 'जनी म्हणे देवा मी झालें वेसवा', म्हणजे वेश्या, हे जनाबाईंचं सत्तरीच्या आज्या टाळ्या वाजवत म्हणतात, कुणी लाजत नाही. नातीचा पदर घसरला तर याच आज्या डोळे वटारतील. चोखोबांच्या सोयराबाईंनी तर चौदाव्या शतकात विचारून ठेवलं आहे, की देहातच जन्मलेल्या विटाळातून सोवळा कोण झाला? हा अभंग आमच्या तंबूतल्या सगळ्यात तरुण सुनेला तोंडपाठ. आवाजही गोड.

फलटणच्या पुढे रस्ता रुंद आणि उन्हाचा. पालखी मार्गाचा महामार्ग करताना कडेचे जुने वड गेले. प्रस्थानाच्या आठवडाभर आधीच वटपौर्णिमा झालेली असते. नवऱ्यासाठी सात जन्मांचा दोरा गुंडाळायला झाड लागतं, सावलीसाठी लागतं हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. तुकोबांची 'वृक्षवल्ली' मात्र स्पीकरवर अखंड चालू.

भंडीशेगावला त्या सुनेची पाळी आली, गोळ्या घेऊनही. तिनं गुपचूप डोक्यावरची तुळस माझ्याकडे दिली. कुणी मागितली नव्हती. तिला म्हटलं, तुझाच तर अभंग. ती म्हणाली, "ताई, अभंग वेगळा."

मग चंद्रभागा. आळंदीत इंद्रायणीवर फेस तरंगताना मी पाहिला होता. तीच इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, पुढे पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा येते, सगळं उजनीत साठतं, आणि आषाढीच्या स्नानासाठी उजनीतूनच पाणी सोडतात. म्हणजे शहरात सोडलेलं आम्हीच पंढरपुरात डोक्यावर घेतो. 'नमामि चंद्रभागा' २०१६ ला जाहीर झाली, पाणी मात्र मी पाहिलं तेव्हा चहासारखं होतं. या पाण्याला विटाळ लागत नाही. सुनेला लागला होता. तिनं त्याच पाण्यात तीन बुड्या मारल्या आणि वर येऊन सांगितलं, आत जाणार नाही, कळसाचं दर्शन घेते.

आत मंदिरात कान्होपात्रेचं तरटीचं झाड आहे. मंगळवेढ्याच्या कलावंतिणीची ही मुलगी बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा विठोबाच्या पायाशी आली आणि तिथेच तिनं प्राण सोडला, अशी कथा. लोक झाडाला हात लावून कपाळाला लावतात. मी सुनेला हे सांगितलं. तिला आधीच माहीत होतं.

मावशी बाजूला बसून पायाच्या भेगांत तेल भरत होत्या. म्हणाल्या, "पुढल्या साली त्या गोळ्या खाऊ नको. हितं काय मुकादम खाडा लावायला बसलाय का?"

"सासूबाई विचारतात ना फोनवर. खोटं कसं बोलू?"

"लाव फोन," मावशी म्हणाल्या, "मी बोलते."