वेलीचं बीपी

ज्यांच्या द्राक्षबागेत आम्ही मोजमाप करतो त्या आबांनी आमच्या यंत्राला पहिल्याच दिवशी 'बीपीचं मशीन' असं नाव ठेवलं. मी दोनचारदा 'प्रेशर चेंबर, आबा' म्हणून पाहिलं, मग नाद सोडला. नाव तसं चुकीचं नव्हतंच.

दिवसा पानांतून पाणी उडत असतं आणि ते वरून ओढलं जातं, म्हणून वेलीच्या बारीक नळ्यांत पाणी रबरासारखं ताणलेलं असतं. पान देठासकट कापलं की हा ताण सुटतो आणि पाणी कापापासून आत सरकतं. मग ते पान जाड पोलादी डब्यात उलटं ठेवायचं, देठाचं टोक रबरी बुचातून बाहेर काढायचं, डब्यात हळूहळू नायट्रोजन सोडायचा आणि भिंगातून त्या कापाकडे टक लावून बसायचं. ज्या दाबाला कापावर पाणी चकाकतं, तेवढा ताण आत होता असं समजायचं. शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1965 साली ही पद्धत जगापुढे मांडली. उंच झाडांच्या शेंड्याच्या डहाळ्या हव्यात म्हणून त्यांनी त्या बंदुकीने पाडल्या होत्या. आम्हाला द्राक्षाच्या मांडवात हात वर केला की पुरतं.

आकडे मात्र दांडगे. माणसाचं वरचं बीपी 120 म्हणजे पाऱ्याचे 120 मिलिमीटर. आमचं यंत्र दाब बारमध्ये मोजतं, एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब. त्या हिशेबात ते जेमतेम 0.16 भरतं. भर दुपारी वेलीतला ताण सहज 10 बार असतो, म्हणजे साठ पट, आणि तोही उलट्या दिशेचा. आपलं रक्त नळीला बाहेर ढकलतं, वेलीचं पाणी नळीला आत ओढतं. हे मी आबांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "मग आपल्यापेक्षा वेलीलाच जास्त टेन्शन."

आबांची बाग निफाड तालुक्यात. एका एकरात वर सगळीकडे थॉमसनच. तास-ए-गणेश काय, सोनाका काय, आपल्याकडच्या कितीतरी नावाजलेल्या जाती म्हणजे याच थॉमसनमध्ये कुणाच्या तरी नजरेला वेगळी दिसलेली एखादी काडी. पण आम्हाला पाहायचा होता तो पायथ्याचा फरक. काही ओळी डॉगरिजच्या मुळावर कलम भरलेल्या, काही 110 आरच्या, आणि शेवटच्या दोन ओळी आबांच्या वडिलांच्या वेळच्या, स्वतःच्याच मुळावर उभ्या. डॉगरिज ही मूळची टेक्सासकडची रानद्राक्षं, 110 आर हा दोन अमेरिकी रानवेलींचा संकर. युरोपने अशी मुळं फायलोक्सेरा किडीच्या धास्तीने घेतली, आपण घेतली ती खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. कोणतं मूळ वेलीला कमी तहानेलं ठेवतं, एवढाच आमचा प्रश्न.

तो जानेवारीतला गुरुवार. मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागले होते. पहाटे पावणेपाचला मी आणि गाडीवाला सिलिंडर उतरवत होतो. निफाडची जानेवारीतली पहाट ज्याने अनुभवली आहे त्याला थंडीचं वर्णन नको. पहाटेचं मोजमाप महत्त्वाचं, कारण रात्रभर पानांची छिद्रं बंद असतात, वेल निवांत होते आणि तिच्यातला ताण मुळाभोवतीच्या ओलीशी जुळतो. टॉर्च तोंडात धरून मी पानं कापत गेले. डॉगरिज 2 बार, 110 आर 2, स्वमुळाच्या ओळीही 2.

इथे मी थबकले. आदल्या गुरुवारी दुपारी याच स्वमुळाच्या ओळींनी मला 13 बार दाखवले होते, बाकीच्यांनी 8-9. आकडा बघून मी आबांना तिथल्या तिथे सांगितलं होतं, "शेवटच्या दोन ओळी तहानलेल्या आहेत, ठिबक रोज तासभर वाढवा." आबांनी त्याच संध्याकाळपासून वाढवलं.

"बघा, तुमच्या सांगण्याने पाणी दिलं अन् बीपी उतरलं," आबा म्हणाले. मीही मान डोलावली. आठ दिवसांत गुण आला, याहून काय हवं?

नऊच्या सुमारास घडांना पेपर लावायला बायका आल्या. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आमच्याकडे या दिवसांत घड वर्तमानपत्रात गुंडाळतात. बागेत शिरलं की लटकत्या बातम्यांमधून वाट काढावी लागते. साडेदहाला उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी मॅडम आशाताईंना घेऊन आल्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर तपासायची होती, आणि घरोघरी गेलं तर दिवसा कुणी सापडत नाही, म्हणून थेट बागेतच. शेडमध्ये त्यांनी टेबल मांडलं. मीही माझी वही घेऊन तिथेच बसले होते.

पहिली बाई ओळीतून तरातरा आली, रिकाम्या क्रेटवर टेकली, स्वेटरच्या बाहीसकट हात पुढे केला आणि मैत्रिणीला म्हणाली, "बीपी निघालं तर निघालं बाई, काय व्हायचं ते होऊ दे."

मॅडमनी मशीनला हातच लावला नाही. "मावशी, आधी लघवीला जाऊन या. मग या खुर्चीत बसायचं, पाठ टेकवून. पाय खाली सरळ, मांडी नाही, घोटाही नाही. स्वेटर काढा. पाच मिनिटं काही बोलायचं नाही."

"पाच मिनिटं? आन् काहीच नाही बोलायचं?"

"काहीच नाही."

निफाड तालुक्यात एवढी अवघड अट कुणी घातली नसेल. चार खुर्च्यांवर चार बायका तोंड मिटून बसल्या आणि डोळ्यांनीच एकमेकींशी बोलत राहिल्या. पाचवी हसली, तिला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवलं. हात टेकवायला मॅडमनी दोन क्रेट एकावर एक ठेवून वर गोणपाटाची घडी घातली. पट्टा छातीच्या बरोबरीला यायला हवा. हात खाली लोंबत असेल तर वर-खाली जेवढं अंतर तेवढ्या रक्ताचं वजन आकड्यात चढतं, दर सेंटिमीटरला पाऊण मिलिमीटरच्या आसपास. अंगाने भरलेल्या एका काकूंना नेहमीचा पट्टा लावून 156 आलं. मॅडमनी टेपने दंड मोजला, 37 सेंटिमीटर भरला, मग पिशवीतून मोठा पट्टा काढला. 138. तीच काकू, तोच हात, मध्ये फार तर तीन मिनिटं.

हे बघून मी पेन खाली ठेवलं. लहान पट्ट्याला जाड दंड आवळायला जास्त जोर लावावा लागतो, तो जोर मशीन बीपी म्हणून दाखवतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. 1896 मध्ये रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने पहिला दंडाचा पट्टा केला तो जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता आणि आकडे फुगवून सांगायचा, हेही ठाऊक होतं. पण समोर काकूंचे अठरा अंक गळून पडले तेव्हा मला आठवला तो मागचा गुरुवार.

दुपारी मोजायचं पान निदान तासभर आधी वेलीवरच पिशवीत बंद करायचं असतं. आत प्लास्टिक, बाहेर चांदी. पान अंधारात गेलं की त्याचं पाणी उडणं थांबतं, ते फांदीशी जुळतं आणि मग आकडा वेलीचा येतो. उघडं, उन्हातलं पान तोडलं तर आकडा त्या एका पानाच्या धावपळीचा येतो. मागच्या गुरुवारी पिशव्या कमी पडल्या होत्या. बांधावरून गाडीपर्यंत जायचा कंटाळा आला, म्हणून शेवटच्या दोन ओळींत मी उघडीच पानं कापली. तेवढ्याने काय फरक पडतो, असं स्वतःला सांगितलं होतं, आणि वहीत तसं लिहिलंही नव्हतं. म्हणजे मी पळत आलेल्या बाईचा हात लोंबता ठेवून, स्वेटरवरून पट्टा बांधून बीपी घेतलं होतं आणि वर औषधही देऊन मोकळी झाले होते.

तेवढ्यात माझीही पाळी आली. सिलिंडर शेडमधून बाहेर ठेवून येऊन मी तशीच बसले. गंमत म्हणून मॅडमनी लगेच घेतलं: 146 आणि 92. पाच मिनिटांनी: 122 आणि 78. ती पाच मिनिटं गप्प बसून मी हेल्सचा विचार करत होते. स्टीफन हेल्स, इंग्लंडमधला धर्मोपदेशक. त्याच्या एका द्राक्षवेलीची छाटणी अवेळी झाली आणि कापातून पाणी थांबेना, म्हणून त्याने त्यावर जनावराच्या मूत्राशयाचा तुकडा घट्ट बांधला. तो फुगला. मग त्याने तिथे काचेची नळी लावली आणि वेलीचं पाणी वीस फुटांवर चढताना पाहिलं. ते पुस्तक 1727 चं. 1733 च्या पुस्तकात त्याने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त आठ फूट तीन इंच चढल्याचं लिहिलं. वेल आणि घोडी, दोन्हींचा दाब मोजणारा माणूस एकच. आबा त्याला शेजारी म्हणून चालले असते.

आबा मात्र पट्ट्याला तयार नव्हते. दिवाळीआधी एका शिबिरात त्यांचं 170 निघालं होतं. "मोटारसायकलवरून उतरलो न उतरलो तोच बांधलं. वर चहा प्यालेलो. ते काय खरं?" घरच्यांनीही तेच धरलं होतं. आता तर समोर पुरावाच मिळाला. "काकूंचं उतरलं, या ताईंचं उतरलं. माझंही उतरणार, बघा," म्हणत ते स्वतःहून खुर्चीत बसले.

लघवी झाली. पाठ टेकली. थंडी ओसरून ऊन आलं होतं. पाच मिनिटं आबा खरोखर गप्प होते. त्यांना तेवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. 174 आणि 102. मिनिटभराने 170 आणि 100. पुन्हा 172 आणि 100. मॅडमनी दुसरा दंड घेतला, तोही तसाच.

"मशीनचं काही..." आबांनी सुरुवात केली आणि वाक्य सोडून दिलं.

मला मघापासून वाटत होतं की नीट मोजलं की आकडा खालीच येतो. तसं काही नसतं. शिबिरातलं मोजमाप वाईट होतं आणि तरीही त्यातला आकडा बरोबर होता; माझं मोजमाप वाईट होतं आणि आकडाही खोटा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच शेडमध्ये. मॅडमनी तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि आबांना त्याच दुपारी तिथे पाठवायचं ठरलं. डोकं दुखतं का, छातीत काही होतं का, सगळ्याला आबा नाही म्हणाले. काही होत नाही, हीच त्यातली अडचण, असं मॅडम हळूच आशाताईंना म्हणाल्या.

अकरा वाजता मी गाडीतून पिशव्या आणल्या, सगळ्या ओळींत बांधल्या, प्रत्येकीवर वेळ लिहिली. एक वाजता मोजायला बसले. डॉगरिज 7.5, 110 आर 8, स्वमुळावरच्या 8.5. मग त्याच स्वमुळाच्या वेलींवरची उघडी, उन्हातली पानं मुद्दाम कापून लावली. 12.5, 13, 13. आठ दिवस जादा पाणी पिऊनही 13. म्हणजे गेल्या गुरुवारच्या 13 ने तहानेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

आबा निघायच्या तयारीत होते, मुलगा गाडी काढत होता. मी त्यांना गाठून सांगितलं की चूक माझी, ठिबक आजपासून पुन्हा पहिल्यासारखं करा. पाणी उतरायच्या वेळी जादा झालं तर मणी तडकतील.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "म्हणजे वेलीला नव्हतं, मला होतं."

"हो."

"अन् ती बीपीवाली पोरगी मला मीठ कमी करायला सांगतेय. डॉगरिज मीठ सोसतो म्हणून एवढे पैसे घालून लावला. मला कुणी डॉगरिजवर भरलं नाही." मुलगा हसला, आबा हसले नाहीत. गाडीत बसताना मात्र गड्याला ओरडून वॉल्व्हचं सांगून गेले.

केंद्रात पुन्हा 168 निघालं, गोळी सुरू झाली. पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा पत्र्याच्या खांबावर खडूने तारखा आणि आकडे लिहिलेले होते. शेवटचा 142. त्याच्या शेजारी आबांनी फवारणीचा हिशेबही मांडला होता.

काढणीला पेपर उघडले तेव्हा शेवटच्या दोन ओळींत तडकलेले सतरा घड निघाले. मधल्या एका रात्री भुरभुर पाऊस झाला होता, आणि वहीत कारणाच्या रकान्यात 'पाऊस' लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. आबा शेजारी उभे राहून मी काय लिहिते ते बघत होते. 'जादा पाणी, आठ दिवस, माझ्या सांगण्यावरून' असं लिहिलं. आबांनी वाचलं, एक बरा घड क्रेटमधून उचलून माझ्या पिशवीत टाकला आणि वजनकाट्याकडे गेले.