नास्तिकाची गणपती ड्युटी

मी देव मानत नाही, हे आमच्या आरोग्य खात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गौरी-गणपती विसर्जनाला कोल्हापुरातल्या पंचगंगा घाटाची ड्युटी न चुकता माझ्याच गळ्यात पडायची. सहकाऱ्यांचा हिशेब सरळ होता: ह्याच्या घरी गणपती नाही, मग सुट्टी कशाला पाहिजे?

त्यातली 2013 ची ड्युटी डोक्यातून जात नाही. 20 ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या होत्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत निघाला. या गोष्टीला महिनाही उलटला नव्हता आणि आम्ही घाटावर काहिली मांडत होतो.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती मोठी कढई. तीत पाणी भरायचं, लोकांनी आरती करून मूर्ती त्यात बुडवायची आणि मग आमच्या हातात द्यायची. शेजारी निर्माल्याची ट्रॉली. आता हे सरकारी काम झालंय, पण सुरुवातीला ‘विसर्जित गणपती दान करा’ म्हणत घाटावर उभी राहायची ती अंनिसची आणि विज्ञान-पर्यावरणवाली पोरं. लोक त्यांना म्हणायचे, “देव म्हंजे काय जुनी कापडं हाईत, दान करायला?”

संध्याकाळी गर्दी वाढली तशी सत्तरीतली एक मावशी नातवाला घेऊन आली. नातवाच्या डोक्यावर पाट, पाटावर गणपती; गौरी तिच्या हातात. कॉलेजातली एक स्वयंसेवक मुलगी पुढं झाली आणि पाठ केलेलं सांगायला लागली. प्लास्टर विरघळत नाही, रंगातलं शिसं पाण्यात उतरतं, मासे मरतात. मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बाळ, माझा शाडूचा हाय.”

मुलगी गप्पच झाली. तेवढ्यात मागून एकजण ओरडला, “आजी, ही दाभोलकरवाली हाईत. देव बुडवायला निघाल्यात!” बघता बघता दहा-पंधरा माणसं जमली. खरं तर देव बुडवायलाच सगळे आले होते, पण असा विनोद त्या दिवशी करायची सोय नव्हती. मुलीचे डोळे भरून आले. हवालदार काठी आपटत आला. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.

“मावशी, मी महापालिकेचा. सक्ती काय न्हाई. पण नदीतच का पायजे, तेवढं सांगा.”

तिनं नातवाच्या डोक्यावरच्या पाटाकडं बोट केलं. “रिकामा पाट घरला न्यायचा व्हय? नदीतली वाळू घेऊन जायाची आसती पाटावरनं. ती घरात चारी कोपऱ्यांत टाकायची. आमचं मालक गेलं त्या वर्षीबी चुकलं न्हाई. तुझ्या काहिलीत वाळू हाय व्हय?”

नव्हती. आमच्या पत्रकात ऑक्सिजन होता, मासे होते, वाळूचं नावसुद्धा नव्हतं. पत्रक लिहिणारे आम्ही सगळे असे, की ज्यांच्या घरात कुणी पाटावरून वाळू नेत नव्हतं, किंवा नेत असलं तरी आम्ही तिकडं बघत नव्हतो.

मुकादमाला घमेलं देऊन काठाकाठानं वर पिटाळलं. त्यानं आणली ती वाळू कमी आणि गाळच जास्त. मावशी घमेल्याशी उकिडवी बसली. बोटांनी गाळ बाजूला सारला, गुटख्याच्या पुडीचा चुरगळलेला तुकडा काढून माझ्या हातात दिला, भरड वाळू तेवढी चिमटीनं वेचून पदरात घेतली. मग आरती झाली. गणपती काहिलीत तीनदा बुडवून वर काढला आणि माझ्या हातात देताना तिनं दटावलं, “नीट ठेव. फेकू नगंस.”

मागची बाई म्हणाली, “आमालाबी द्या की वाळू.” मुकादमाच्या त्यानंतर खेपांवर खेपा झाल्या. तो ओरडणारा गडी मात्र आपली मूर्ती घेऊन सरळ नदीत उतरला. आम्ही अडवलं नाही.

निघता निघता मावशीनं विचारलं, “तुझा झाला का बुडवून?”

“आमच्यात बसवत न्हाई.”

“का? सुतक हाय व्हय?”

म्हटलं, सुतक नाही, मी देव मानत नाही. ती जरा वेळ बघत राहिली. “मग हितं काय करतोयस?”

“नोकरी.”

“बरं हाय,” म्हणाली आणि खिरापतीची मूठ माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. खोबरं ताजं होतं.

मूठभर नास्तिक या देवभोळ्या समाजाचं काय वाकडं किंवा सरळ करणार, असं मित्र विचारतात. मला वाटतं, करतात. फक्त श्रेय मागू नये. र. धों. कर्वे उघड नास्तिक होते. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यातल्या एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. आज आमच्या दवाखान्यात कुटुंबनियोजनासाठी येणाऱ्या बायका खुशाल सत्यनारायण घालतात आणि कर्व्यांचं नावही त्यांच्या कानावर नसतं. आगरकरांची तर जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली पुणेकरांनी. पण विधवांच्या केशवपनाबद्दल ते जे लिहीत होते, त्यावर आज वाद घालायला कुणी उरलेलं नाही. विचार पचला, माणूस नाही पचला. दाभोलकर तर देव नाकारा म्हणतही नव्हते. देवाच्या नावानं चालणारी लूट थांबवा, एवढंच समितीचं म्हणणं होतं. तेवढंही सोसलं नाही.

आमचा एक कट्टर दोस्त यावर चिडतो. “काहिलीनं एक तरी माणूस नास्तिक झाला का?” नाही झाला. डॉल्बीसुद्धा बारीक झाला नाही. आणि पंचगंगा मूर्तींपेक्षा कितीतरी जास्त नाल्यांनी आणि कारखान्यांच्या पाण्यानं घाण होते. 2012 ला खाली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती काही गणपतीमुळं नव्हे. काहीलवाल्यांनी हेही तितक्याच मोठ्यानं सांगायला हवं, नाहीतर “आमचेच सण दिसतात का?” या प्रश्नाला उत्तर राहत नाही. पण घाट बदलला हे खरं, आणि तो बदलला आरती म्हणणाऱ्यांनीच.

पुढच्या वर्षी मी मागणीपत्रात काहिली, घमेली, हातमोजे यांच्या खाली लिहिलं: ‘वाळू, अर्धा ब्रास’. लेखा विभागानं विचारलं, कुठलं बांधकाम? मी शेरा मारला, ‘धार्मिक कारणासाठी’. खाली माझी सही बघून अख्खं ऑफिस हसलं. साहेबांनी ‘धार्मिक कारण’ खोडून ‘विसर्जन व्यवस्था’ केलं, म्हणाले, “वाळू चाळून घ्या,” आणि मंजुरी दिली.