रेकॉर्ड कंपनीच्या पैशांतून घेतलेला अकॉर्डियन

रविवार, रात्र

आज दिवसभर घरात झॅकरी रिशार चालू होता, लुइझियानाचा फ्रेंचमध्ये गाणारा गायक. ह्यूस्टनमध्ये राहून लुइझियानाची गाणी ऐकणं यात काही विशेष नाही म्हणा, आय-१० हायवे पकडला की तीन-साडेतीन तासांत लाफायेत येतं, पण आमच्या मंडळातल्या लोकांना तिकडचं म्हणजे न्यू ऑर्लिन्स, जॅझ आणि मार्डी ग्राचा कार्निव्हल एवढंच माहीत असतं, आणि केजन म्हटलं तर चिकनला लावायचा मसाला. जेवताना मैत्रिणीने विचारलंच, हा कोण बाई, फ्रेंच की अमेरिकन? दोन्ही म्हटलं, आणि मग माझी गाडी जी सुटली ती तिचं जेवण गार होईपर्यंत.

माणूस १९५० चा, लाफायेतला लागून स्कॉट नावाचं गाव आहे तिथला. आजीआजोबांच्या पिढीचं सगळं फ्रेंचमध्ये, ह्याची शाळा इंग्रजी. हे तिथले फ्रेंच लोक म्हणजेच केजन, मूळचे कॅनडाकडचे, अकेडियाचे, म्हणजे आजचं नोव्हा स्कोशिया आणि आजूबाजूचा भाग. १७५५ पासून इंग्रजांनी हजारो लोकांना घरांतून काढून जहाजांत कोंबलं आणि इकडेतिकडे नेऊन टाकलं, त्यातले काही दहाएक वर्षं भटकून लुइझियानाला पोचले आणि तिथेच राहिले. पुढे १९२१ च्या राज्यघटनेने शाळांमध्ये इंग्रजी सक्तीचं केलं, आणि फ्रेंच बोललं म्हणून पोरांना शिक्षा व्हायच्या, शाळेत फ्रेंच बोलणार नाही असं इंग्रजीत पानंच्या पानं लिहायला लावायचे. असा मार खाल्लेल्या आईबापांनी पोरांशी फ्रेंच बोलणं बंदच केलं, करणारच ना.

तर रिशार कॉलेज करून न्यूयॉर्कला गेला, गिटारवाला, त्या काळच्या कुठल्याही अमेरिकन पोरासारखा. इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने त्याला घेतलं, अ‍ॅडव्हान्स दिला, आणि ह्या पठ्ठ्याने त्या पैशांतून केजन अकॉर्डियन घेतला! अल्बमचं काय झालं तर तो तेव्हा बाहेर आलाच नाही, आला तो थेट २००० साली. अकॉर्डियन मात्र गळ्यात पडला तो पडलाच.

मला सगळ्यात भारी हेच वाटतं. लोक याला सरळ फ्यूजन म्हणून मोकळे होतात, जुनं लोकसंगीत घेतलं आणि वरून रॉकची फोडणी दिली. पण ह्याच्या बाबतीत रॉक हेच घरचं होतं, रेडिओवरून फुकट कानावर पडलेलं, आणि आजोबांच्या काळातलं वाद्य मात्र रोख पैसे मोजून आणावं लागलं आणि पहिल्यापासून शिकावं लागलं.

आणि ते वाद्यही काय हट्टी! दहाच बटणं. आपल्या पेटीचा भाता कसाही हलवा, पट्टी दाबली की सूर तोच, ह्याच्यात एकच बटण दाबून भाता ओढला की एक सूर आणि आत ढकलला की दुसरा. त्यामुळे साधी चाल वाजवायची तरी सतत आत-बाहेर, आणि त्यातूनच तो हिसका येतो ज्यावर ती माणसं नाचतात. मनात आलं म्हणून पट्टी बदलता येत नाही, हवा तो कोमल सूर मिळेलच असंही नाही. सोबत फिडल म्हणजे व्हायोलिनच, आणि एक लोखंडी त्रिकोण, तो पूर्वी गवत ओढायच्या दाताळ्याचे दात वाकवून करायचे. एवढ्या सामानात रॉक बसवायचा म्हणजे ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारलाच त्या हिसक्याच्या तालावर यावं लागतं. रिशारकडे ते येतात.

पण नाव झालं कुठे तर क्यूबेकमध्ये, कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात. १९७६ च्या सुमारास मॉन्ट्रियलला गेला, तिकडे तेव्हा फ्रेंचचं वातावरण नुसतं तापलेलं, त्याच वर्षी क्यूबेकला वेगळं काढू पाहणारा पार्टी क्यूबेक्वा हा पक्ष निवडून आला, पुढच्या वर्षी फ्रेंचच्या बाजूने भाषेचा कायदा झाला. १९७८ च्या ‘मिग्रासियाँ’ अल्बमला तिथे गोल्ड रेकॉर्ड. त्यात लुइझियानाचं एक जुनं गाणं आहे, काम करणं फार जड जातं आणि चोरी करणं काही बरं नव्हे, असं साधं रडगाणं, पण म्हणतो कसा, सगळं अंग सैल सोडून! गावाकडच्या त्याच्या वयाच्या पोरांना ताल कळायचा, शब्द नाही. शब्द कळणारे हजारो मैल लांब, बर्फात. मला हे फार लागतं, आणि मी स्वतः तरी कुठे फ्रेंच समजते, मी पण त्या तालवाल्यांतलीच.

मग ऐंशीच्या दशकात परत आला आणि इंग्रजी अल्बम केले, १९८८ चा ‘झॅक्स बाँ ताँ’ वगैरे. पार्टीला मस्त आहेत, त्यापलीकडे मला त्यांत फार काही सापडत नाही, इथे माझं आणि नवऱ्याचं भांडण आहे, त्याला तेच आवडतात. १९९४ ला कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये जगभरच्या अकेडियन लोकांचं पहिलं मोठं संमेलन भरलं, तिथे गायला गेला आणि गाडी पुन्हा फ्रेंचवर आली, त्यातून १९९६ चा ‘काप आँराजे’. हा अल्बम मी आज दोनदा ऐकला, संथ आहे, आवाज पिकलाय, अकॉर्डियन कमी आणि जागा जास्त.

कविता लिहितो त्या वेगळ्याच. २०१४ ला त्याला फ्रेंच लुइझियानाचा राजकवी केलं, त्या पदावरचा पहिलाच.

मैत्रिणीला जाताना त्याचं ‘रेवेय’ हे गाणं पाठवलं. १७५५ वरचं आहे, शत्रू पिकं जाळायला येतोय, उठा, असं, ऐन विशीत लिहिलेलं आणि तसंच तापट. नवरा म्हणाला तिला आधी मार्डी ग्रावालं काहीतरी पाठवायचं होतंस, घाबरेल ती. घाबरू दे.